हेलिपॅडवर उतरण्याची परवानगी टॉवर देत नाही

नागपुरात हिवाळी अधिवेशन सुरू झाले की शहरावरून हेलिकॉप्टरांची ये-जा वाढते, आणि निवडणुकीच्या दिवसांत तर विदर्भातील तालुक्याच्या गावांनाही हेलिकॉप्टर पाहायला मिळते. अशा वेळी एक समज सर्वत्र आढळतो. सोनेगावच्या विमानतळावरील टॉवरमध्ये बसलेला नियंत्रक मैदानावर उतरण्याची परवानगी देतो आणि मगच हेलिकॉप्टर उतरते, असा तो समज. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या नोकरीत तात्पुरती हेलिपॅड तयार करण्याचे काम माझ्याकडे वारंवार येत असे, आणि हा समज मला शिपायापासून मोठ्या हुद्द्यांवरील अधिकाऱ्यांपर्यंत सर्वांमध्ये दिसला. एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी मैदानाच्या ना-हरकत पत्रावर सही करण्यापूर्वी मला विचारले होते, "भाऊ, टॉवरनं हो म्हटलं ना? मग आमची सही कायले पाहिजे?" प्रश्न रास्त होता, पण त्याचे उत्तर उभ्या उभ्या देण्यासारखे नव्हते.

हवाई वाहतूक सेवा नेमक्या कशासाठी असतात, हे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे इकाओच्या, अकराव्या परिशिष्टात लिहून ठेवलेले आहे, आणि भारत त्या संघटनेचा सदस्य असल्यामुळे आपल्याकडील नियमही त्याच पायावर उभे आहेत. त्यात सांगितलेली कामे पाच आहेत. विमानांची एकमेकांशी टक्कर होऊ न देणे, विमानतळाच्या वापरातील भागावर विमान आणि तेथील अडथळे यांची टक्कर होऊ न देणे, वाहतूक सुरळीतपणे पुढे सरकवणे, सुरक्षित उड्डाणाला उपयोगी अशी माहिती व सल्ला देणे, आणि एखाद्या विमानाला शोध व बचावाची गरज भासली तर संबंधितांना कळवणे. यातील दुसरे काम सावकाश वाचले पाहिजे, कारण त्यातील अडथळ्यांचा उल्लेख विमानतळाच्या धावपट्ट्या व टॅक्सीमार्ग यांच्यापुरताच आहे. कस्तुरचंद पार्कच्या कडेचा दिव्याचा खांब, एखाद्या महाविद्यालयाच्या मैदानावरून गेलेली विजेची तार किंवा सभेसाठी उभारलेला मंडप त्या कामात बसत नाही. विमान जमिनीवर किंवा डोंगरावर आदळू नये ही जबाबदारीसुद्धा, रडारवर पाहून दिशा दिल्या जाणाऱ्या विमानांचा अपवाद वगळता, वैमानिकाचीच मानलेली आहे.

टॉवर देतो तो क्लिअरन्स, आणि इकाओच्या व्याख्येप्रमाणे क्लिअरन्स म्हणजे नियंत्रण कक्षाने घातलेल्या अटींवर पुढे जाण्याची मुभा. ती नियंत्रकाला माहीत असलेल्या वाहतुकीच्या आधारावर, विमाने एकमेकांपासून वेगळी ठेवण्यासाठी आणि वाहतूक पुढे नेण्यासाठी दिलेली असते. तिच्यामुळे वैमानिकाची इतर कोणत्याही नियमातून सुटका होत नाही. धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानाला नियंत्रक रेडिओवर "क्लिअर्ड टू लँड" असे म्हणतो, तेव्हा त्या तीन शब्दांमागे पुष्कळ काही उभे असते. धावपट्टी त्याच्या डोळ्यांसमोर असते, तिच्यावर दुसरे विमान किंवा वाहन नाही हे त्याने पाहिलेले असते, वाऱ्याचे मोजमाप त्याच्या समोर असते, अग्निशमन दल काही मिनिटांत पोहोचेल अशा अंतरावर उभे असते आणि धावपट्टीच्या दोन्ही टोकांकडील अडथळ्यांचे सर्वेक्षण आधीच झालेले असते. शहरातील एखाद्या मैदानाविषयी यातील एकही गोष्ट त्याच्या हाती नसते. त्याला ते मैदान बहुधा दिसतही नाही. मग जे दिसत नाही ते मोकळे आहे असे त्याने कशाच्या बळावर सांगावे?

अमेरिकेतील नियंत्रकांच्या नियमपुस्तकात या प्रश्नाचे उत्तर अतिशय रोखठोक दिलेले आहे. तेथील फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने नियंत्रकांना असे सांगितले आहे की हेलिकॉप्टरला विमानतळाबाहेरील जागी, टॉवरवरून न दिसणाऱ्या जागी, रात्री दिवे नसलेल्या जागी किंवा हेलिकॉप्टरसाठी मान्यता नसलेल्या जागी उतरायचे असेल, आणि ती विनंती नियंत्रकाला वाजवी वाटत असेल, तर "क्लिअर्ड टू लँड" हे शब्द वापरायचेच नाहीत. त्याऐवजी त्या जागेचे नाव घेऊन "लँडिंग विल बी ॲट युवर ओन रिस्क" असे म्हणायचे, म्हणजे तेथे उतरणे तुमच्या स्वतःच्या जोखमीवर राहील, आणि गरजेप्रमाणे सावधगिरीची सूचना व आसपासच्या वाहतुकीची माहिती जोडायची. त्याच प्रकारच्या जागेवरून उड्डाण करायचे असेल तर तेथेही उड्डाणाचा क्लिअरन्स नाही. "डिपार्चर" हा शब्द घालून तेच वाक्य. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे हात झटकल्यासारखे वाटते. मला मात्र ती भाषा प्रामाणिक वाटते, कारण ज्याला मैदान दिसते तो वैमानिक आणि ज्याला दिसत नाही तो नियंत्रक यांच्यातील कामाची वाटणी त्या एका वाक्यात कोणताही आडपडदा न ठेवता सांगितलेली आहे. आपल्याकडील सरकारी पत्रव्यवहारात ही वाटणी इतकी उघडपणे कोणी लिहीत नाही, आणि म्हणूनच प्रत्येक जण दुसऱ्याने परवानगी दिली आहे असे धरून चालतो.

मग टॉवरचा क्लिअरन्स बिनकामाचा आहे का, तर मुळीच नाही, आणि याचे नागपूरइतके चांगले उदाहरण दुसरे शोधावे लागणार नाही. आपल्या विमानतळाच्या धावपट्टीला १४/३२ असे क्रमांक आहेत, म्हणजे ती आग्नेय-वायव्य अशी पडलेली आहे. आता नकाशावर गडचिरोलीपासून नागपूरपर्यंत पट्टी ठेवून रेघ मारा. गडचिरोली नागपूरच्या आग्नेयेला सुमारे १४० किलोमीटर हवाई अंतरावर आहे, आणि ती रेघ जवळजवळ धावपट्टीच्याच वाढवलेल्या रेषेवर येते. आग्नेयेकडून ३२ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरायला येणारे मुंबईचे किंवा दिल्लीचे प्रवासी विमान आणि जखमी जवानाला घेऊन गडचिरोलीहून सरळ नागपूरकडे निघालेले हेलिकॉप्टर हे दोघेही शेवटच्या टप्प्यात एकाच वाटेवर येतात. प्रवासी विमान वेगवान, जड आणि मागे भोवरे सोडत जाणारे. हेलिकॉप्टर त्याच्यापेक्षा कित्येक पटींनी हलके, आणि त्या भोवऱ्यांत सापडले तर सावरणे कठीण. या दोघांना वेगळे ठेवणे हे नियंत्रकाचे खरे काम, आणि ते त्याच्याशिवाय दुसरे कोणी करू शकत नाही.

म्हणून नियंत्रित हवाई क्षेत्रात शिरण्यापूर्वी हेलिकॉप्टरच्या वैमानिकाला टॉवरशी बोलून क्लिअरन्स घ्यावाच लागतो. त्यात कोणत्या बाजूने यायचे, किती उंचीच्या वर जायचे नाही, कोणत्या ठळक खुणेपाशी घिरट्या घालत थांबायचे, उतरणाऱ्या कोणत्या विमानाच्या मागून धावपट्टीची रेषा ओलांडायची, एवढे सर्व येते. हवेचा दाब सांगितला जातो, कारण त्यावरून उंचीमापक लावल्याशिवाय दोन विमानांच्या उंचीची तुलना करण्याला अर्थ राहत नाही. अंबाझरी आणि फुटाळा तलाव, कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या, दीक्षाभूमीचा घुमट अशा खुणा नागपुरात हवेतून सहज ओळखू येतात, आणि डोळ्यांनी पाहून उडणाऱ्या वैमानिकाला त्यांचा मोठा आधार असतो. डोळ्यांनी पाहून उडण्याच्या नियमांत दहा हजार फुटांखाली साधारणपणे ५ किलोमीटर दृश्यता आणि ढगांपासून आडवे १,५०० मीटर व उभे १,००० फूट अंतर अपेक्षित आहे. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी धुके असले आणि दृश्यता त्याहून खाली गेली, तर विमानतळाच्या नियंत्रण क्षेत्रात 'स्पेशल व्हीएफआर' (व्हीएफआर म्हणजे हेच डोळ्यांनी पाहून उडण्याचे नियम) नावाचा वेगळा क्लिअरन्स मागता येतो. तो फक्त वैमानिकाने मागितला तरच मिळतो. नियंत्रक तो स्वतःहून पुढे करत नाही, आणि माझ्या मते ही अट फार शहाणपणाची आहे, कारण मंत्र्यांची वेळ चुकू नये म्हणून टॉवरनेच वाट काढून दिली असे कोणालाही नंतर म्हणता येत नाही.

रुग्णवाहू उड्डाणांना प्राधान्य मिळते. उड्डाण आराखड्याच्या आंतरराष्ट्रीय नमुन्यात त्यासाठी स्वतंत्र खुणा आहेत. जीव वाचवण्यासाठी तातडीने न्यायच्या रुग्णाची वेगळी आणि इतर वैद्यकीय उड्डाणाची वेगळी. राष्ट्रप्रमुखाच्या उड्डाणासाठीही खूण आहे. पालकमंत्र्यांसाठी मात्र त्या नमुन्यात काही नाही, हे मी एकदा एका स्वीय सहायकांना सांगितल्यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता.

नियंत्रण क्षेत्राच्या बाहेर परिस्थिती आणखी वेगळी आहे. भामरागड, एटापल्ली किंवा सिरोंचाच्या परिसरात हेलिकॉप्टर कमी उंचीवर उडत असते तेव्हा ते अनियंत्रित हवाई क्षेत्रात असते, आणि तेथे उतरण्यासाठी टॉवरकडून क्लिअरन्स घेण्याचा प्रश्नच येत नाही. तेथे दोनच सेवा उरतात, माहिती पुरवण्याची आणि विमान हरवले तर धावपळ सुरू करण्याची. तरीही वैमानिक कोणालाही न सांगता उडू शकतो असे नाही, कारण आपल्या देशात उड्डाणापूर्वी दोन क्रमांक घ्यावे लागतात. एक उड्डाण माहिती केंद्राचा, ज्याला सगळे एफआयसी नंबर म्हणतात, आणि दुसरा हवाई संरक्षणासाठीचा, ज्याला एडीसी नंबर म्हणतात. दुसरा क्रमांक हवाई दलाच्या यंत्रणेकडून येतो आणि त्याचा उद्देश एवढाच की आकाशात दिसणारा ठिपका कोणाचा आहे हे देशाच्या संरक्षण यंत्रणेला आधीच ठाऊक असावे. त्याचा मैदानाशी काहीही संबंध नाही. पण 'एडीसी मिळाला' हे शब्द जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात पोहोचले की त्याचे रूपांतर 'परवानगी मिळाली' असे होते, आणि मग मैदानावरील माणसे निर्धास्त होतात.

उड्डाण आराखडा भरताना ज्या ठिकाणाला विमानतळाचा चार अक्षरी संकेत नाही त्याच्यासाठी झेड हे अक्षर चार वेळा लिहितात आणि खाली इतर माहितीच्या रकान्यात त्या जागेचे नाव किंवा अक्षांश-रेखांश देतात. नागपूर विमानतळाचा संकेत व्हीएएनपी आहे. उमरेडच्या किंवा काटोलच्या शाळेचे मैदान मात्र चार झेडच. त्या रकान्यातील अक्षांश-रेखांश अंश आणि मिनिटे एवढेच लिहिण्याची पद्धत आहे, आणि अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. म्हणजे नियंत्रकाच्या कागदावर ती जागा साधारण दोन किलोमीटरच्या फरकाने नोंदलेली असते. त्याच्या कामाला तेवढे पुरते. वैमानिकाला ते पुरत नाही. त्याला सेकंदापर्यंतचे आकडे लागतात, कारण एक सेकंद म्हणजे सुमारे ३१ मीटर, आणि तेवढ्या अंतरात मैदान संपून वस्ती सुरू होऊ शकते.

हे आकडे देण्याचे काम आमच्या विभागाकडे असे, आणि संपूर्ण साखळीत मला सर्वांत जास्त काळजी याच कडीची वाटत असे. मोबाइलवरील नकाशा अक्षांश दशांश अपूर्णांकात दाखवतो आणि वैमानिकाला ते बहुधा अंश, मिनिटे, सेकंद या रूपात हवे असतात. समजा पडद्यावर २०.३० असे दिसले आणि कोणी ते २० अंश ३० मिनिटे असे लिहून पाठवले. प्रत्यक्षात २०.३० अंश म्हणजे २० अंश १८ मिनिटे. फरक १२ मिनिटांचा, म्हणजे १२ सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरचा. हेलिकॉप्टर भलत्याच तालुक्यात जाऊन मैदान शोधू लागेल, आणि त्याच्या टाकीत त्या शोधासाठी इंधन ठेवलेले असेलच असे नाही. यामुळे मी पत्रात दोन्ही रूपे लिहून घेत असे, शेजारी जवळच्या ठळक खुणेचे वर्णन देत असे, म्हणजे तलावाच्या पूर्वेला, पाण्याच्या टाकीपासून अमुक मीटरवर, रेल्वेमार्गाच्या उत्तरेला, आणि तिसऱ्या माणसाकडून ते आकडे नकाशावर टाकून तपासून घेत असे. कार्यालयात यावर थट्टा व्हायची. काही वैमानिकांनी मात्र नंतर फोन करून ती दोन-रूपी पद्धत चालू ठेवायला सांगितले.

आता मैदानाचा विचार. जागेच्या मालकाची संमती, जिल्हाधिकारी कार्यालयाचे आदेश, पोलिसांचा बंदोबस्त, रुग्णवाहिका, अग्निशमन बंब आणि बांधकाम विभागाची तयारी या सर्व गोष्टी जमिनीवरून येतात, आणि मुख्याध्यापकांची सही त्यातलीच एक होती. टॉवरला त्या शाळेचे मैदान कोणाच्या मालकीचे आहे हे कळण्याचा मार्गच नाही, हे मी त्यांना समजावून सांगितले तेव्हा त्यांनी सही केली. आमची तयारी दिसायला साधी असते. मुरूम टाकून रोलर फिरवायचा, मध्यभागी चुन्याच्या फक्कीने वर्तुळ आणि त्यात 'एच' आखायचा, वाऱ्याची दिशा कळावी म्हणून कापडी नळी उभारायची आणि हेलिकॉप्टर दिसू लागले की वैमानिकाच्या सूचनेप्रमाणे धूर करायचा. पाणी मारणे हे यातील सर्वांत दुर्लक्षित काम आहे. कोरड्या मातीवर हेलिकॉप्टर उतरताना पंख्याच्या वाऱ्याने धुळीचा एवढा लोट उठतो की शेवटच्या काही फुटांवर वैमानिकाला जमीनच दिसेनाशी होते. शिवाय मोकळ्या पडलेल्या पॉलिथिनच्या पिशव्या, पत्र्याचे तुकडे आणि मंडपाचे कापड उडून पंख्यात जाऊ शकते. निवडणुकीसाठी मतदान पथके नेणाऱ्या हवाई दलाच्या एमआय-१७ च्या पंख्याचा व्यासच सुमारे २१ मीटर आहे, त्याच्या वाऱ्यासमोर बांबूचे कुंपणही टिकत नाही. टँकर आदल्या संध्याकाळी येऊन पाणी मारून गेला आणि दुपारी दोनला हेलिकॉप्टर आले, तर त्या पाण्याचा उपयोग शून्य, हे मी कितीदा सांगितले असेल.

तारांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. विजेची तार हवेतून अतिशय उशिरा दिसते. वैमानिक बहुधा खांब शोधतात आणि दोन खांबांमध्ये तार आहे असे धरून चालतात. २५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यातील निलंगा येथून मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना घेऊन उडालेले राज्य शासनाचे सिकोर्स्की हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेच खाली आले, विजेच्या तारांत अडकले आणि वस्तीलगत कोसळले. सुदैवाने आतील सर्व जण वाचले. त्या घटनेनंतर विदर्भात हेलिपॅडची पाहणी करताना सर्वांची नजर आपोआप वर जाऊ लागली. पण महिनाही महत्त्वाचा होता, आणि त्याची चर्चा कमी झाली.

हवा जितकी तापते तितकी ती विरळ होते, आणि विरळ हवेत पंख्याला उचल कमी मिळते, इंजिनाची ताकदही कमी भरते. नागपूर विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३१५ मीटर, म्हणजे साधारण १,०३० फुटांवर आहे. प्रमाण वातावरणाच्या हिशेबाने या उंचीवर तापमान १३ अंश सेल्सिअस धरले जाते. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की फरक ३२ अंशांचा होतो, आणि प्रत्येक अंशामागे सुमारे १२० फूट धरले तर हेलिकॉप्टरच्या दृष्टीने नागपूर पाच हजार फुटांच्या आसपास जाऊन बसते, म्हणजे महाबळेश्वरच्या पठारापेक्षाही वर. सकाळी आठ वाजता जे हेलिकॉप्टर पाच माणसे आणि पुरेसे इंधन घेऊन चहूबाजूंनी झाडे असलेल्या मैदानातून उभे वर जाऊ शकते, तेच दुपारी तीनला जाऊ शकेलच असे नाही. टॉवर वैमानिकाला तापमान सांगेल, दाब सांगेल. "एक माणूस उतरवा" असे टॉवर सांगणार नाही, कारण ते त्याचे कामच नाही. ते वैमानिकाने सांगायचे असते आणि मागे बसलेल्यांनी ऐकायचे असते. सभेच्या मैदानावर शेवटच्या क्षणी स्थानिक नेत्याला आत बसवण्याचा आग्रह मी अनेकदा पाहिला आहे, आणि त्या वेळी नाही म्हणणाऱ्या वैमानिकांविषयी माझ्या मनात फार आदर आहे.

अलीकडे ड्रोनची भर पडली आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळापासून दूरच्या हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत ड्रोन उडवायला वेगळी पूर्वपरवानगी लागत नाही. हेलिकॉप्टर मैदानावर उतरताना नेमके त्याच उंचीतून खाली येते, आणि सभेचे चित्रीकरण करणारा ड्रोनवाला हा प्रत्येक सभेत असतोच. पोलिसांनी त्याला आधी शोधून त्याचे यंत्र खाली ठेवायला लावावे, याला पर्याय नाही.

आता त्या भागाकडे येतो, जो माझ्या मते सर्वांत कच्चा आहे. हेलिकॉप्टर मैदानावर उतरले, हे टॉवरला कळते कसे? धावपट्टीवर उतरलेले विमान नियंत्रकाला दिसते. मैदानावर उतरणारे हेलिकॉप्टर त्याच्या दृष्टीने इमारतींच्या मागे नाहीसे होते, आणि ते सुखरूप उतरले की पडले यातील फरक त्याला तेथून दिसत नाही. विमानांचा रेडिओ दृष्टिरेषेत चालतो. सपाट प्रदेशात १,००० फुटांवरील हेलिकॉप्टरचा आवाज साधारण ७० किलोमीटरपर्यंत पोहोचतो, ५०० फुटांवर सुमारे ५० किलोमीटर, १०० फुटांवर वीस-बावीस किलोमीटर, आणि जमिनीवर टेकल्यावर जवळजवळ काहीच नाही. रडारचीही तीच गत. म्हणून नियंत्रक वैमानिकाला उतरल्यावर कळवायला सांगतो, आणि दूरच्या जागी जाणारा वैमानिक हेलिपॅड दिसल्यावर, अजून उंचीवर असतानाच, "जागा दिसली, खाली उतरतो आहे" असे कळवून ठेवतो आणि उतरल्यावर फोनने आगमनाची खबर देतो.

ही खबर आली नाही तर काय करायचे, याचेही नियम ठरलेले आहेत. अपेक्षित वेळेनंतर ३० मिनिटांत संपर्क झाला नाही की अनिश्चिततेचा टप्पा सुरू होतो, चौकशा करूनही पत्ता लागला नाही की सावधानतेचा, आणि त्यानंतर संकटाचा. हा सगळा हिशेब कोणीतरी ती अपेक्षित वेळ लिहून घेतली आहे आणि घड्याळाकडे पाहत आहे यावर अवलंबून असतो. २ सप्टेंबर २००९ रोजी आंध्र प्रदेशाचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचे हेलिकॉप्टर बेगमपेटहून चित्तूरकडे जाताना नल्लमलाच्या जंगलावर संपर्कातून गेले, आणि प्रचंड शोधमोहीम होऊनही अवशेष सापडायला दुसरी सकाळ उजाडली. ३० एप्रिल २०११ रोजी अरुणाचल प्रदेशाचे मुख्यमंत्री दोरजी खांडू यांच्या हेलिकॉप्टरच्या बाबतीत अवशेष ४ मे रोजी मिळाले. ही राज्यातील सर्वोच्च पदावरील माणसे होती आणि शोधायला सारी यंत्रणा रस्त्यावर उतरली होती, तरीही एवढा वेळ गेला. हेलिकॉप्टरमधील आपत्कालीन बीकन, म्हणजे अपघात झाल्यावर संकटाचा संदेश पाठवणारा छोटा रेडिओ, ४०६ मेगाहर्ट्‌झवर उपग्रहांना हाक देतो हे खरे, पण अपघातात त्याचा अँटेना तुटला किंवा तो जळाला, तर ती हाकही जात नाही. नल्लमलासारखेच दाट जंगल गडचिरोलीच्या दक्षिणेला पसरलेले आहे.

परतीचे उड्डाण आणखी त्रासदायक असते. सभा लांबते, उड्डाणाची आधी दिलेली वेळ टळते, जुने क्रमांक चालत नाहीत आणि वैमानिकाला मैदानाच्या कोपऱ्यात उभे राहून, एका कानावर हात ठेवून, लाउडस्पीकरच्या आवाजात मोबाइलवरून नवी वेळ कळवावी लागते. डिसेंबरात नागपूरचा सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, आणि डोळ्यांनी पाहून उडण्याची मुभा आपल्याकडे सर्वसाधारणपणे दिवसाउजेडीच असते. त्यामुळे भाषण संपवण्याची चिठ्ठी व्यासपीठावर पाठवण्याचे काम शेवटी पोलिस अधिकाऱ्यांवर येते, आणि ती चिठ्ठी बहुधा खिशात जाते. उड्डाण झाल्यावर थोडी उंची मिळेपर्यंत वैमानिकाचा कोणाशीही रेडिओ संपर्क नसतो. त्या काही मिनिटांत हेलिकॉप्टर हवेत आहे हे फक्त मैदानावरील माणसांना माहीत असते.

या कारणाने आम्ही हेलिपॅडच्या तपासणी पत्रकात शेवटी एक रकाना वाढवला होता. उतरण्याची प्रत्यक्ष वेळ, उडण्याची प्रत्यक्ष वेळ, पुढील ठिकाण, तेथे पोहोचण्याची वैमानिकाने सांगितलेली वेळ, आणि ही माहिती पुढील हेलिपॅडवरील अभियंत्याला व जिल्ह्याच्या पोलिस नियंत्रण कक्षाला फोनने कळवणाऱ्या माणसाचे नाव. नाव हुद्द्याने लिहायचे नाही, त्या माणसाचेच लिहायचे, कारण 'शाखा अभियंता' असे लिहिले की ते काम दोन शाखा अभियंत्यांपैकी कोणाचेच राहत नाही. पुढच्या ठिकाणच्या अभियंत्याने सांगितलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटे वाट पाहायची आणि हेलिकॉप्टर आले नाही तर पोलिस नियंत्रण कक्षामार्फत विमानतळाला कळवायचे, अशी ती व्यवस्था होती. नियमातील ३० मिनिटे नियंत्रकासाठी आहेत. मैदानावर उभ्या असलेल्या माणसाने तितका वेळ थांबण्याचे कारण नाही. काही उपविभागांत हे पत्रक अजून वापरले जाते, काहींत तो रकाना कोराच सोडून खाली सही केली जाते.